मातेस गौरव की मातेस न्याय?

ता. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्क बंदरातील एलिस बेटावर परदेशांतून वस्तीस येणाऱ्या लोकांची तपासणी व नोंद करण्याचे नवे सरकारी ठाणे उघडले. त्या दिवशी वहीत पहिले नाव चढले ते अ‍ॅनी मूर या आयरिश मुलीचे. कॉर्ककडची ही सतरा वर्षांची पोर आपल्या दोन धाकट्या भावांस सांभाळीत, 'नेव्हाडा' नावाच्या आगबोटीच्या तळच्या वर्गातून अकरा-बारा दिवसांचा हिवाळी प्रवास करून तेथे पोहोचली होती. आईबाप काही वर्षे आधीच येऊन न्यूयॉर्कात संसाराचे बूड टेकवीत होते. ठाण्याच्या मुख्य अधिकाऱ्याने समारंभपूर्वक तिच्या हातावर दहा डॉलरांचे सोन्याचे नाणे ठेवले. वर्तमानपत्रांनी तिचे वय दोन वर्षांनी कमी केले आणि तिचा पंधरावा वाढदिवस नेमका त्याच दिवशी पडल्याचे छापून सोहळ्याची शोभा वाढविली.

येथवरची कथा जगास ठाऊक आहे. पुढची कथा जगाने शंभरांहून अधिक वर्षे विचारलीही नाही. मध्यंतरी अशी समजूत रूढ झाली की, ही मुलगी पश्चिमेकडे गेली, टेक्सासात तिचा उत्कर्ष झाला आणि १९२३ साली ती अपघाताने वारली. कथा ऐकावयास गोड होती. तीत एकच उणीव होती, ती खरी नव्हती. टेक्सासातली बाई त्याच नावाची दुसरीच निघाली. तिचा जन्मच मुळी अमेरिकेतल्या इलिनॉय संस्थानात झालेला. जुनी दप्तरे चाळून २००६ साली खऱ्या अ‍ॅनीचा शोध लागला, तेव्हा असे आढळले की, ती पश्चिमेस कधी गेलीच नाही. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या गरीब वस्तीतल्या त्याच काही गल्ल्यांत तिचे उभे आयुष्य गेले. १८९५ साली तिचे लग्न झाले. तिला अकरा मुले झाली. त्यांपैकी पाचच मोठी होऊ शकली. १९२४ साली, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, हृदय बंद पडून ती वारली. क्वीन्समधील कॅल्व्हरी दफनभूमीत तिला पुरले, आणि त्या जागी नाव कोरलेला साधा दगड बसावयास २००८ साल उजाडावे लागले.

दारात पाऊल टाकताना सोन्याचे नाणे. आणि घरात आल्यावर सहा मुलांच्या तिरड्या! या दोन गोष्टी एकाच बाईच्या आयुष्यात घडल्या, ह्याचा विचार आज आम्ही वाचकांपुढे मांडू इच्छितो. मातेचा गौरव करणे आणि मातेस न्याय देणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीस एक समारंभ पुरतो, दुसरीस कायदा, पैसा आणि चिकाटी लागते. म्हणूनच पहिली गोष्ट सर्वत्र दिसते आणि दुसरीसाठी पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहावी लागते.

आयरिश स्त्री आपला मुलूख सोडून का निघाली, हे आधी पाहिले पाहिजे. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि सात वर्षांच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे भुकेने व भुकेमागून येणाऱ्या तापाने मेली. १८४१ साली त्या बेटावर ८१ लाखांवर लोक होते. १८५१ साली ते ६५ लाखांच्या आसपास उरले. पीक निसर्गाने बुडविले हे खरे. पण त्याच वर्षांत त्याच देशाच्या बंदरांतून धान्य, लोणी व गुरे इंग्लंडास जात होती, हेही तितकेच खरे. पार्लमेंटाने १८४७ साली गरिबांच्या कायद्यात एक कलम घातले : पाव एकराहून अधिक जमीन ज्याच्या ताब्यात असेल त्यास सरकारी मदत मिळणार नाही. कायद्याच्या भाषेत हे एक साधे कलम दिसते. चुलीपाशी बसलेल्या आईच्या भाषेत त्याचा अर्थ असा होतो की, आज पोराच्या तोंडात घास घालावयाचा असेल तर उद्याची सर्व जमीन आधी सोडून दे. जिने जमीन सोडली तिला पुढे जहाजाची वाट धरण्यावाचून गत्यंतर राहिले नाही.

या मदतकार्याची सूत्रे लंडनच्या खजिन्यात ज्या अधिकाऱ्याच्या हाती होती त्या चार्ल्स ट्रेव्हेल्यन साहेबांस आयर्लंडच्या त्या संकटात ईश्वरी योजना दिसली होती. हेच साहेब पुढे १८५९ साली मद्रासेचे गव्हर्नर झाले आणि १८६२ पासून कलकत्त्यास हिंदुस्थान सरकारचे अर्थमंत्री. व्यापारात सरकारने हात घालू नये, मदत कमीतकमी द्यावी, नाही तर लोक आळशी होतात, हे सूत्र आयर्लंडापुरते राहिले नाही. १८७६–७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी खडी फोडणाऱ्या मजुरास दिवसाला एक रत्तल धान्य व वर थोडे पैसे पुरेत असे ठरविले, तेव्हा मुंबई इलाख्यातील मजुरांनी काम टाकले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्या कपातीविरुद्ध दाद मागितली. म्हणून आयरिश मातेची कथा मराठी वाचकास अगदीच परकी वाटण्याचे कारण नाही. ज्या विचारसरणीने तिचे घर मोडले ती विचारसरणी आमच्या उंबरठ्यावरही येऊन गेली आहे.

परंतु सगळा दोष परक्या राज्यकर्त्यांच्या माथी मारून मोकळे होणे हा सोपा मार्ग आम्हांस पसंत नाही. दुष्काळ संपल्यावरही आयरिश मुलींची रीघ थांबली नाही. शतकाच्या अखेरच्या दशकांत तर निघून जाणाऱ्यांत बायकांची संख्या पुरुषांच्या बरोबरीस आली. याचे कारण त्यांच्या समाजाच्या घडणीत होते. जमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून शेत एका मुलाच्या नावे राहू लागले. एका मुलीस हुंडा देऊन उजवावयाचे. उरलेल्यांनी काय करावे? त्यांनी जहाजात बसावे. मुलगी निघण्याच्या आदल्या रात्री शेजारीपाजारी जमत, आणि मढ्याभोवती जागावे तसे त्या जिवंत मुलीभोवती रात्रभर जागत. या प्रथेला त्यांनी नावही 'अमेरिकन जागर' अशा अर्थाचेच दिले होते. ज्या मुलीला घरात वाटा नव्हता तिच्याच पाठविलेल्या डॉलरांवर पुढे घराचा खंड भरला जाई आणि तिच्या धाकट्या बहिणीचे तिकीटही निघे. देशाभिमानाची गाणी गाणाऱ्यांनी हे विसरू नये की, ज्या राष्ट्राने आपल्या मुलींस वाटा दिला नाही त्याने त्यांच्या विरहाचे अश्रू ढाळताना थोडी लाजही बाळगावयास हवी.

आता ही मुलगी न्यूयॉर्कात उतरली. बहुतेकींस पहिले काम मिळे ते श्रीमंताघरी मोलकरणीचे. 'ब्रिजेट' हे आयरिश नाव तेथे इतके सर्रास झाले की, कोणाही आयरिश मोलकरणीस त्याच नावाने हाक मारण्याची आणि व्यंगचित्रांत तिला अडाणी व उद्धट दाखविण्याची चाल पडली. या नोकरीत पोटास अन्न आणि निजावयास माळा तरी असे. लग्न झाले म्हणजे तेही संपे, आणि ती चाळीत येई.

त्या चाळीचे वर्णन केल्यावाचून त्या मातेचे आयुष्य समजणार नाही. पाच-सहा मजल्यांची अरुंद इमारत. मजल्यावर चार बिऱ्हाडे. रस्त्याकडच्या खोलीस खिडकी, आतल्या खोल्यांस ना उजेड ना वारा. शौचकूप परसात, सर्वांस मिळून. नळ अंगणात किंवा जिन्यापाशी. तेव्हा पाण्याची प्रत्येक बादली, कोळशाची प्रत्येक टोपली आणि पोटातले मूल घेऊन ती बाई दिवसातून कितीदा तो अंधारा जिना चढत असेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा. नवऱ्याची मजुरी रोजची. आज काम, उद्या नाही. मग घरात पोटभाडेकरू ठेवणे, लोकांचे कपडे धुणे, शिवणकाम आणणे हे तिच्याच वाट्यास. या सर्वांतून वेळ काढून तिने मुले वाढवावयाची.

आणि मुले मरत. लोअर ईस्ट साइडसारख्या वस्त्यांत उन्हाळा आला की तान्ह्या मुलांत जुलाबाची साथ ठरलेली. हिवाळ्यात घटसर्प आणि फुप्फुसाचा दाह. क्षय तर बाराही महिने. शहरात दूध येई ते उघड्या पिंपांतून, कोमट, पाणी घातलेले. शतकाच्या मध्यास तर दारूच्या भट्ट्यांतील उरलेल्या गाळावर पोसलेल्या रोगट गाईंचे दूध चुना-खडू घालून पांढरे करून विकीत, आणि १८५८ साली एका सचित्र साप्ताहिकाने तो प्रकार चव्हाट्यावर आणल्यावरही त्याचा बंदोबस्त व्हावयास वेळ लागलाच. बाळंतपणातून उठून लगेच कामास जुंपलेल्या आईला अंगावरचे दूध पुरेनासे झाले की, तिने पोराच्या तोंडास लावावयाचे ते हेच दूध!

कोणी म्हणेल, त्या काळी सगळीकडेच मुले मरत. मग आयरिश आईचेच दुःख काय एवढे उगाळावयाचे? यास आमचे उत्तर असे की, सगळीकडे मरत हे खरे असले तरी सारखी मरत नव्हती. त्याच शहरात उंच हवेशीर घरांतली मुले आणि या चाळींतली मुले यांच्या आयुष्याची दोरी एका लांबीची नव्हती. ज्या मरणाची वाटणी घरभाड्याच्या पावतीप्रमाणे होते त्यास दैव म्हणणे हा दैवाचा अपमान आहे. दुसरा कोणी म्हणेल, हे लोक दारुडे व घाणेरडे, मग असे होणारच. हा आक्षेप तर त्या काळी सभ्य गृहस्थांच्या तोंडी अगदी पाठ होता. पण ज्या घरात पाणी तीन जिने खाली आहे त्या घरातल्या बाईस अस्वच्छ म्हणणे सोपे. तीन जिने वर नळ आणून देणे कठीण. समाज नेहमी सोपे ते आधी करतो.

आम्ही कायद्याचे विद्यार्थी असल्यामुळे या कथेतील न्यायालयांचे वर्तन आम्हांस विशेष बोधप्रद वाटते. राहत्या चाळींतून विड्या वळण्याचा धंदा चाले. तंबाखूची धूळ आणि पाळणा एकाच खोलीत. न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने १८८४ साली त्यास बंदी केली. दुसऱ्याच वर्षी तेथील अपील न्यायालयाने तो कायदा रद्द ठरविला. कारण काय, तर त्याने कामगाराच्या स्वातंत्र्यावर व मालमत्तेवर घाला येतो! घराचे पावित्र्य राखण्याच्या नावाखाली घरात विष राहू दिले. पुढे १९०१ साली चाळींचा नवा कायदा झाला : प्रत्येक खोलीस खिडकी, नव्या इमारतींत प्रत्येक बिऱ्हाडात पाणी व शौचकूप, आणि जुन्या इमारतींतील परसातले संडास काढून नवे बसविण्याची सक्ती. घरमालक पुन्हा न्यायालयात धावले. आमच्या खर्चाने दुसऱ्याचे आरोग्य का, असा त्यांचा सवाल. पण या वेळी, १९०४ साली, त्याच अपील न्यायालयाने कायदा उचलून धरला आणि १९०६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. राज्यघटना तीच होती, आयाही त्याच होत्या. मधल्या वीस वर्षांत लोकमत बदलले होते. न्यायाधीश कायदा पुस्तकात वाचतात हे खरे. पण तो वाचावयाचा चष्मा त्यांस लोकमत पुरविते, ही गोष्ट सुधारकांनी कधीही विसरू नये.

दयाधर्माचीही कथा अशीच आहे. १८५३ साली न्यूयॉर्कात मुलांच्या साहाय्यार्थ एक संस्था निघाली आणि तिने रस्त्यांवरची गरीब मुले आगगाडीत बसवून पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांच्या घरी पाठविण्याचा उपक्रम केला. त्यांत आयरिश कॅथलिक घरची मुले पुष्कळ. अनाथ म्हणून गेलेल्या कित्येकांची आई किंवा बाप जिवंत असे. हेतू शुद्ध होता, यात आम्हांस संशय नाही; काही मुलांचे त्यात कल्याणही झाले. पण विचार करा : मुलाच्या प्रवासास पैसा होता, मुलाच्या आईस भाकरी देण्यास नव्हता! दारिद्र्य हाच आईचा गुन्हा आणि ताटातूट ही त्याची शिक्षा. १८६९ साली कॅथलिक जोगिणींनी टाकलेल्या मुलांसाठी आश्रम काढला आणि दाराबाहेर एक पाळणा ठेवला. लाजेने वा उपासमारीने खचलेल्या आया रात्री येऊन त्यात आपले मूल ठेवून जात. त्या पाळण्याने अनेक जीव वाचविले. परंतु पाळणा दाराबाहेर ठेवणे ही दया झाली. आईला आपला पाळणा आपल्या घरात ठेवता यावा ही व्यवस्था करणे हा न्याय होय. केवळ गरिबीपायी मूल आईपासून तोडू नये, हे तत्त्व अमेरिकेच्या अध्यक्षांनी बोलाविलेल्या परिषदेने १९०९ साली मान्य केले, आणि मुले सांभाळणाऱ्या विधवांस सरकारी तनखा देण्याचा कायदा न्यूयॉर्कात १९१५ साली झाला. पहिली आगगाडी सुटल्यापासून या साध्या गोष्टीपर्यंत पोहोचावयास साठांवर वर्षे लागली.

उपाय ठाऊक नव्हता असेही नाही. १८९३ साली, म्हणजे अ‍ॅनीच्या आगमनानंतर अवघ्या वर्षाने, नेथन स्ट्रॉस या व्यापाऱ्याने, जो स्वतः जर्मनीतून आलेल्या घराण्यातला होता, त्याच ईस्ट साइडला तापवून जंतुरहित केलेले दूध स्वस्तात विकण्याचे पहिले केंद्र उघडले. १९०८ साली शहराच्या आरोग्यखात्यात मुलांच्या आरोग्याचा स्वतंत्र विभाग निघाला. अशा प्रकारचा अमेरिकेतला तो पहिलाच. त्याच्या प्रमुख डॉ. जोसेफिन बेकर या बाईंनी उन्हाळ्यात लोअर ईस्ट साइडच्या एका भागात परिचारिका घरोघर पाठविल्या. त्यांनी काय केले? मूल जन्मल्याची नोंद होताच त्या आईकडे जात. अंगावर पाजावे, न्हाऊ घालावे, खिडकी उघडावी, कपड्यांत कोंडू नये, एवढेच समजावून सांगत. त्या उन्हाळ्यात त्या भागात मागील वर्षापेक्षा बाराशे मुले कमी मेली, असे बाईंनी लिहून ठेवले आहे. बाराशे! याकरिता आकाशातून कोणी देवदूत उतरला नव्हता. काही परिचारिका, त्यांचा पगार आणि त्यांस पाठविणारी एक कर्तबगार स्त्री, एवढ्यावर हे घडले. मग त्यापूर्वीच्या उन्हाळ्यांत जे हजारो पाळणे रिकामे झाले त्यांचा जाब कोणी द्यावयाचा?

आता पुन्हा अ‍ॅनी मूरकडे वळू. १९९३ साली तिचे पुतळे आयर्लंडच्या कोव्ह बंदरात, जेथून ती निघाली तेथे, आणि एलिस बेटावर, जेथे ती उतरली तेथे, असे दोन्हीकडे उभारले गेले. दोन्ही राष्ट्रांनी तिला मान दिला, ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु हे दोन्ही पुतळे मुलीचे आहेत, आईचे नाहीत. त्या पुतळ्यांत उमेद आहे, टोपी आहे, सामानाची पिशवी आहे. तिचे पुढचे बत्तीस वर्षांचे आयुष्य त्यांत नाही. आणि पुतळे उभे राहिले तेव्हा तिच्या खऱ्या कबरीवर दगडही नव्हता. राष्ट्रांस आपल्या दारातून आत येणारी आशा पाहावयास आवडते. ती आशा घरात आल्यावर तिचे काय झाले ते पाहावयास आवडत नाही. टेक्सासची खोटी कथा इतकी वर्षे कोणास खटकली नाही, याचे कारणही हेच. उत्कर्षाची कथा सर्वांस सोयीची असते. कारण ती ऐकल्यावर कोणास काही करावे लागत नाही.

अ‍ॅनी पराभूत होती, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. तिची पाच मुले जगली, आणि २००६ साली शोध लागला तेव्हा तिचे वंशज अमेरिकेत नांदत होते. तिच्यासारख्या लाखो आयांनी त्या चाळींतून शिक्षक, कारागीर, संपांचे पुढारी आणि नगरांचे कारभारी घडविले. पण त्यांच्या सहनशक्तीची स्तुती करून आपले कर्तव्य संपले असे ज्यांस वाटते त्यांस आमचा एवढाच प्रश्न आहे की, जी बाई सहा मुले पुरून उभी राहिली तिच्या धैर्यास नमस्कार करताना, तिला ती सहा धैर्ये दाखविण्याची पाळी का आली, हे विचारावयास नको काय? सहनशीलता हा सोसणाऱ्याचा सद्‌गुण आहे. पाहणाऱ्याने त्याचे भांडवल करणे हा दुर्गुण आहे.

कोणत्याही राष्ट्राच्या मातृभक्तीची परीक्षा त्याच्या स्तोत्रांवरून किंवा पुतळ्यांवरून होत नाही. परक्या मुलखातून, पोटासाठी, भाषा-रीत सोडून आलेल्या गरीब बाईच्या घरात दूध स्वच्छ येते का, खोलीस खिडकी आहे का, नळ दारात आहे का, आणि नवरा गेला तर मूल तिच्यापाशी राहते का, या चार प्रश्नांच्या उत्तरांवरून ती होते. न्यूयॉर्कने १८९२ साली अ‍ॅनीस सोन्याचे नाणे दिले. या चार प्रश्नांची उत्तरे द्यावयास त्यास आणखी वीस-पंचवीस वर्षे लागली, आणि तेवढ्या अवधीत तिचे बहुतेक पाळणे हलून थांबले होते. ज्यांच्या हाती कायदा आहे, नगरपालिका आहे, लेखणी आहे, त्यांनी हा विलंब मनाशी मोजावा. नाणे देणारा हात फोटोत राहतो. पण मुलाचा जीव वाचतो तो नळ आणून देणाऱ्या हाताने.